अनेक संगणकांच्या संयुक्त यंत्रणेची पारख : वेग आणि विश्वसनीयता

कोणत्याही कामाचे मोल ठरविताना ते काम किती झाले एवढेच पाहून भागत नाही. ते किती वेळात झाले, आणि उद्या पुन्हा सांगितले असता तितक्याच खात्रीने होईल काय, याचाही विचार करावा लागतो. ही दृष्टी शिक्षकाला नवी नाही. एका चाचणीत मिळालेल्या गुणांवरून तो मुलाविषयी मत बनवीत नाही. वर्षभराचे काम पाहतो, घाईच्या वेळी आणि अवघड प्रसंगी मूल कसे वागते हेही पाहतो. संगणकांवर चालणाऱ्या ज्या यंत्रणांशी शाळेचा आज नित्य संबंध येतो, त्यांच्याकडेही याच दृष्टीने पाहावयास हवे.

पटनोंदणी, शिष्यवृत्तीचे अर्ज, पाठ्यपुस्तकांची मागणी, निरनिराळी विवरणपत्रे अशी पुष्कळशी कामे आता पोर्टलांवरून करावी लागतात. अशा पोर्टलाविषयी शाळाशाळांतून सामान्यतः दोनच अभिप्राय ऐकू येतात : ‘चालते आहे’ किंवा ‘बंद आहे’. वस्तुतः या दोन टोकांच्या मधला प्रदेश फार मोठा आहे, आणि शिक्षकाची खरी अडचण बहुधा त्या मधल्या प्रदेशातच असते. पोर्टल उघडते, पण माहिती स्वीकारत नाही. माहिती स्वीकारते, पण पोच देत नाही. सकाळी चालते, दुपारी अडते. यू-डायस प्लसवर २०२२-२३ पासून माहिती विद्यार्थीनिहाय भरली जाऊ लागली. तेव्हापासून एक नोंद म्हणजे एक मूल असा हिशेब झाला आहे. नोंद दोनदा झाली किंवा मुळीच झाली नाही, तर चूक केवळ आकड्यात राहत नाही. ती एका मुलाच्या वाट्याला येते. म्हणून या यंत्रणांचा वेग आणि विश्वसनीयता कशी मोजतात, हे शिक्षकाने थोडे समजून घेणे अगत्याचे आहे.

१. अनेक यंत्रे, एक काम

मोबाइलवर किंवा शाळेच्या संगणकावर एखादे पोर्टल उघडले म्हणजे पलीकडे एकच मोठे यंत्र बसले आहे आणि ते उत्तरे देत आहे, असे वाटते. प्रत्यक्षात तसे नसते. पोर्टलाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणारा एक संगणक, आलेल्या विनंत्या वाटून देणारा दुसरा, वापरणाऱ्याची ओळख तपासणारा तिसरा, माहिती लिहून ठेवणारा चौथा, तिच्या प्रती सांभाळणारे आणखी काही, असे अनेक सर्व्हर नेटवर्कने एकमेकांना जोडलेले असतात. ते सारे मिळून एक काम करतात. अशा रचनेस वितरित संगणक-प्रणाली असे म्हणतात.

ही रचना दोन कारणांनी करावी लागते. एक तर लक्षावधी लोकांचे काम एका यंत्राच्या आवाक्यातले नसते. दुसरे असे की, एकच यंत्र ठेवले आणि ते बिघडले, तर सर्वच काम ठप्प होते. तथापि यंत्रे वाढविली म्हणजे बिघाडाच्या जागाही वाढतात, हे विसरून चालत नाही. या विषयातील थोर संशोधक लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८७ मध्ये या प्रणालीची एक मार्मिक व्याख्या केली होती. जिच्यातील कधी नावही न ऐकलेला एखादा संगणक बिघडला, तरी आपला संगणक निरुपयोगी होऊन बसतो, ती वितरित प्रणाली, असा तिचा आशय होता. वाक्य विनोदी असले तरी त्यातील सत्य पोर्टल वापरणाऱ्या प्रत्येकाच्या अनुभवाचे आहे.

बिघाड किती वेळा होतात? गूगल कंपनीच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक हार्ड डिस्कांच्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पहिल्या वर्षातील डिस्कांत बिघाडाचे वार्षिक प्रमाण शेकडा १.७ होते, तर तीन वर्षे वापरलेल्या डिस्कांत ते शेकडा ८ च्याही वर गेले होते. समजा, हे प्रमाण शेकडा २ इतकेच धरले आणि एका केंद्रात १०,००० डिस्का असल्या, तर वर्षाला २०० डिस्का निकामी होतील. म्हणजे सरासरीने एक दिवसाआड एक. यावरून असे दिसून येईल की, मोठ्या यंत्रणेत काही ना काही बिघडलेले असणे हीच नित्याची स्थिती होय. चांगली यंत्रणा ती, जिच्यातील भाग बिघडत असतानाही काम चालू राहते.

२. वेगाचे मोजमाप आणि सरासरीची फसगत

वेग दोन प्रकारे मोजतात. विनंती केल्यापासून उत्तर मिळेपर्यंत लागलेला वेळ, म्हणजे प्रतिसादकाळ, हे एक माप; आणि ठरावीक वेळात किती विनंत्या पुऱ्या होतात, हे दुसरे. पहिल्या मापाचा संबंध वापरणाऱ्याशी, तर दुसऱ्याचा यंत्रणा चालविणाऱ्याशी अधिक येतो. दोहोंची गल्लत करू नये. पुष्कळ प्रवासी नेणारी एस. टी. गाडी मुक्कामी लवकर पोहोचतेच असे नाही.

प्रतिसादकाळ सांगताना बहुधा सरासरी सांगितली जाते. परंतु ती पुष्कळदा दिशाभूल करते. एका शिक्षकाने २० वेळा माहिती पाठविली असे समजू. १९ वेळा उत्तर अर्ध्या सेकंदात आले आणि एकदा ३० सेकंद लागले. एकूण वेळ साडेएकोणचाळीस सेकंद, म्हणजे सरासरी सुमारे २ सेकंद झाली. पण २ सेकंदांचा अनुभव एकदाही आलेला नाही! बहुतेक वेळा अनुभव याहून पुष्कळ चांगला होता आणि एकदा फारच वाईट होता. सरासरीने या दोन्ही गोष्टी झाकून टाकल्या.

म्हणून जाणकार लोक सर्व वेळा चढत्या क्रमाने मांडतात आणि शंभरातील पन्नासावी, पंचाण्णवावी, नव्याण्णवावी वेळ कोणती, हे पाहतात. शिक्षणशास्त्राच्या अभ्यासक्रमात गुणांच्या संदर्भात शिकविले जाणारे शततमक ते हेच. पन्नासाव्या शततमकावरून सर्वसामान्य अनुभव समजतो. नव्याण्णवाव्यावरून मागे राहिलेल्यांची स्थिती समजते.

शंभरात एखाद्यालाच उशीर होतो, तर त्याची एवढी चिंता का करावी, असा प्रश्न येथे संभवतो. जेफ्री डीन आणि लुईझ आंद्रे बारोझो या गूगलमधील दोन अभियंत्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका लेखात त्याचे उत्तर दिले आहे. समजा, एक सर्व्हर सामान्यतः सेकंदाच्या शंभराव्या भागात उत्तर देतो, पण शंभरातून एकदा त्याला १ सेकंद लागतो. एकट्याने काम करताना ही उणीव क्षुल्लक आहे. पण एकाच विनंतीसाठी अशा १०० सर्व्हरांकडून तुकडे गोळा करावयाचे असतील, तर त्या सर्वांची उत्तरे येईपर्यंत थांबावे लागते. शंभरही सर्व्हर वेळेवर उत्तर देण्याची संभाव्यता ०.९९ चा शंभरावा घात, म्हणजे सुमारे ०.३७ इतकीच येते. म्हणजे शंभरपैकी ६३ विनंत्यांना १ सेकंदाहून अधिक वेळ लागतो. सहलीची गाडी शेवटचे मूल चढल्याशिवाय सुटत नाही, त्यातलाच हा प्रकार. प्रत्येक मूल क्वचितच उशीर करते. पण मुले शंभर असली की गाडीला बहुतेक वेळा उशीर होतो.

वेगाविषयी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. गर्दी वाढते त्या प्रमाणात थांबण्याचा वेळ वाढत नाही. तो त्याहून पुष्कळ झपाट्याने वाढतो. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे डॅनिश गणितज्ञ ए. के. अर्लांग यांनी १९०९ मध्ये दूरध्वनीच्या मागण्यांविषयी लेख लिहून रांगांच्या गणिताचा पाया घातला. त्या गणितातील सर्वांत साधे सूत्र पिठाच्या गिरणीस लावून पाहावे. गिऱ्हाइके केव्हाही येतात, प्रत्येकाचे दळण कमीअधिक असते आणि एका डब्याला सरासरी ५ मिनिटे लागतात असे धरू. गिरणी निम्मा वेळ रिकामी असेल, तर येऊन दळून परत जाण्यास सरासरी १० मिनिटे लागतील. ती दहातील नऊ भाग वेळ गुंतलेली असेल तर ५० मिनिटे, आणि वीसातील एकोणीस भाग गुंतलेली असेल तर १०० मिनिटे लागतील. शेवटच्या दोन आकड्यांत गर्दीचा फरक किती थोडा आणि वेळेचा किती मोठा आहे, हे पाहण्यासारखे आहे. मुदतीच्या शेवटच्या दिवशी पोर्टले का अडतात, याचा उलगडा यातून होतो. यंत्रणेची पारख करावयाची ती शांत दिवशी नव्हे, तर अशा गर्दीच्या दिवशी.

३. विश्वसनीयतेचे गणित

यंत्रणा एकूण काळाच्या किती भागात उपलब्ध होती, हे टक्केवारीने सांगण्याचा प्रघात आहे. शेकडा ९९ हा आकडा ऐकावयास उत्तम वाटतो. पण वर्षाच्या ८,७६० तासांचा हिशेब केला, तर वर्षात ८७ तास ३६ मिनिटे, म्हणजे साडेतीन दिवसांहून अधिक काळ काम बंद, असा त्याचा अर्थ होतो. शेकडा ९९.९ म्हटले तर पावणेनऊ तास, आणि ९९.९९ म्हटले तर सुमारे ५३ मिनिटे बंद. टक्क्यांत किंचित दिसणारा फरक तासांत मांडला की त्याचे खरे रूप कळते. शिवाय ते तास कोणते, हेही विचारावयास हवे. पावणेनऊ तास मध्यरात्री विखुरलेले असणे वेगळे, आणि अर्जाच्या अखेरच्या दिवशी सलग येणे वेगळे.

यंत्रे एकापुढे एक जोडली असता विश्वसनीयतेचा गुणाकार होतो. विहीर, पंप, जलवाहिनी, टाकी आणि नळ यांपैकी एक जरी निकामी झाले तरी पाणी मिळत नाही, तसेच हे आहे. शेकडा ९९.९ इतके भरवशाचे १० सर्व्हर एकापाठोपाठ वापरावे लागत असतील, तर सर्वांची मिळून विश्वसनीयता शेकडा ९९ वर येते. असे १०० असतील, तर ती शेकडा ९०.५ च्या आसपास उतरते.

उलटपक्षी, एकाच कामासाठी दोन यंत्रे शेजारी शेजारी ठेवली आणि कोणतेही एक चालले तरी पुरत असेल, तर बिघाडांचा गुणाकार होतो. शंभरात एकदा बंद पडणारी दोन यंत्रे एकाच वेळी बंद पडण्याची संभाव्यता दहा हजारांत एक. म्हणजे शेकडा ९९ ची दोन यंत्रे मिळून शेकडा ९९.९९ चे काम देतात.

परंतु या दुसऱ्या गणितास एक महत्त्वाची अट आहे. दोन्ही यंत्रांचे बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र असले पाहिजेत. शाळेत पाण्याचे दोन पंप आहेत, पण दोहोंना वीज एकाच डीपीवरून मिळते. मग डीपी जळाल्यावर दुसऱ्या पंपाचा उपयोग काय? मोठ्या यंत्रणांचे मोठे अपघात बहुधा अशाच सामाईक आधाराच्या ठिकाणी झालेले आहेत. त्याचे एक उदाहरण सर्वांच्या स्मरणात असेल.

४. एका रात्रीचा धडा

सोमवार, ४ ऑक्टोबर २०२१. कोरोनाच्या साथीमुळे दीर्घकाळ बंद असलेले महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीचे वर्ग त्याच दिवशी पुन्हा भरू लागले होते. मधल्या काळात अनेक गावांत व्हॉट्सॲप हाच शिक्षक आणि पालक यांच्यातील मुख्य दुवा होऊन बसला होता. त्या रात्री नऊच्या सुमारास व्हॉट्सॲप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम या तिन्ही सेवा जगभर एकदम बंद पडल्या आणि सुमारे सहा तासांनी, पहाटेच्या सुमारास, पूर्ववत होऊ लागल्या. पुष्कळांनी आपला फोन बिघडला असे समजून तो पुन्हा पुन्हा बंद करून सुरू केला.

कंपनीने पुढे जे कारण प्रसिद्ध केले, ते या विषयाच्या दृष्टीने अत्यंत बोधप्रद आहे. तिची डेटा सेंटरे एका अंतर्गत नेटवर्कने जोडलेली होती. नेहमीच्या देखभालीच्या वेळी या नेटवर्कची क्षमता अजमावण्यासाठी एक आज्ञा दिली गेली, आणि तिच्यामुळे सर्वच जोडण्या तुटल्या. अशी घातक आज्ञा अडविण्यासाठी तपासणी करणारी एक व्यवस्था होती. पण त्या व्यवस्थेतच दोष असल्यामुळे आज्ञा अडविली गेली नाही. पोर्टलाच्या नावावरून पत्ता सांगणारे कंपनीचे सर्व्हर शाबूत होते. परंतु डेटा सेंटरांशी संपर्क तुटला की आपल्यातच काही बिघाड आहे असे समजून इंटरनेटवरून आपला मार्ग काढून घ्यावा, अशी त्यांची रचना होती. एरवी हा शहाणपणाचा नियम होय; कारण एखादा सर्व्हर असा बाजूला झाला तर इतर काम सांभाळतात. त्या रात्री सर्वच सर्व्हर एकाच वेळी बाजूला झाले. यंत्रे चालू होती, पण त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची वाट जगाला सापडेनाशी झाली.

दुरुस्तीसाठी अभियंते जी साधने वापरीत, त्यांपैकीही बरीचशी याच बिघाडामुळे बंद पडली. अखेर माणसांना प्रत्यक्ष डेटा सेंटरांत जावे लागले. आणि तेथील कडक सुरक्षाव्यवस्थेमुळे आत शिरून यंत्रांपर्यंत पोहोचण्यासही वेळ लागला. विहिरीत पडलेली बादली काढण्याचा गळ बादलीलाच बांधलेला असावा, तशी ही गत झाली.

या प्रसंगात यंत्रे थोडी होती किंवा प्रती कमी होत्या, असे नव्हे. उणीव होती ती स्वतंत्रतेची. काम करणारी यंत्रणा, तिच्यावर लक्ष ठेवणारी यंत्रणा आणि तिला दुरुस्त करणारी साधने या तिन्ही गोष्टी एकाच आधारावर उभ्या होत्या. विश्वसनीयतेची पारख करताना केवळ किती यंत्रे आहेत, असे विचारून भागत नाही. सर्वांना मिळून एकच आधार कोणता आहे, हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

५. पोच न मिळालेला निरोप

वितरित प्रणालीतील सर्वांत नाजूक अडचण कोणती, असे विचारले तर तिचे उत्तर एका साध्या उदाहरणाने देता येईल. वाडीवरच्या शाळेतील शिक्षिकेने एका मुलाबरोबर केंद्रशाळेकडे चिठ्ठी पाठविली : ‘तिसरीची ३० पुस्तके द्यावीत.’ ठरलेल्या वेळेत मूल परत आले नाही. आता काय समजावे? कदाचित चिठ्ठी पोहोचलीच नसेल. कदाचित पोहोचली असेल, पण काम झाले नसेल. कदाचित पुस्तके बांधून निघालीही असतील आणि वाटेत उशीर होत असेल. या तिन्ही स्थितींत शिक्षिकेच्या दृष्टीने घडणारी गोष्ट एकच : उत्तर आले नाही. तिने दुसरी चिठ्ठी पाठविली, तर ३० ऐवजी ६० पुस्तके येण्याचा संभव. न पाठविली, तर मुले पुस्तकांवाचून राहण्याचा संभव.

संगणकांची स्थिती याहून वेगळी नसते. निरोप हरवू शकत असेल, तर कितीही पोचा आणि पोचांच्या पोचा पाठविल्या, तरी दोन्ही बाजूंना पूर्ण खात्री होईल अशी पद्धत नाही. हा विचार १९७५ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला आणि १९७८ मध्ये जिम ग्रे यांनी त्याला ‘दोन सेनापतींचा प्रश्न’ असे नाव दिले. पूर्ण खात्री अशक्य असली, तरी व्यवहार सुरळीत करण्याचा मार्ग मात्र आहे, आणि तो कार्यालयीन कामाची सवय असलेल्यास सहज समजेल.

चिठ्ठीवर जावक क्रमांक घालावा. दुसऱ्यांदा पाठविताना नवा क्रमांक न देता तोच क्रमांक पुन्हा लिहावा. केंद्रशाळेने चिठ्ठी आल्यावर आधी आवक-नोंदवही पाहावी. तो क्रमांक पूर्वी आला असेल, तर पुस्तके पुन्हा न देता ‘दिली आहेत’ एवढेच उत्तर द्यावे. मग चिठ्ठी एकदा गेली काय किंवा पाच वेळा गेली काय, पुस्तके तीसच मिळतील. पैशांच्या व्यवहारांत प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र क्रमांक असतो, तो याच हेतूने. बँकेतून रक्कम गेली आणि समोरच्यास मिळाली नाही, अशा वेळी त्या क्रमांकावरूनच शोध घेता येतो.

यावरून यंत्रणा पारखण्याची आणखी एक कसोटी मिळते. उत्तर न आल्यास, झालेल्या नोंदीची खरी स्थिती पाहण्याची सोय आहे काय? तीच विनंती पुन्हा पाठविली, तर नोंद दोनदा होते की एकदाच? जी यंत्रणा येथे उतरते, ती संथ असली तरी भरवशाची समजावी. आणि जी येथे चुकते, ती कितीही वेगवान असली तरी तिच्यावर मुलांची नावे सोपविताना जपून राहावे.

६. मुद्दाम बिघाड घडवून घेतलेली परीक्षा

बिघाडात यंत्रणा कशी वागेल, हे कागदावरून पुरतेपणी समजत नाही. म्हणून जाणकार लोक बिघाड मुद्दाम घडवून पाहतात. अमेरिकेतील नेटफ्लिक्स या कंपनीला २००८ मध्ये माहितीसाठ्यातील एका मोठ्या दोषामुळे तीन दिवस ग्राहकांकडे डीव्हीडी पाठविता आल्या नाहीत. पुढे तिने आपले काम अनेक सर्व्हरांवर वाटले आणि एक विलक्षण प्रोग्राम तयार केला. चालू असलेल्या सर्व्हरांपैकी कोणताही एक हा प्रोग्राम कामाच्या वेळेत अचानक बंद करीत असे. मर्कटलीला करणारे माकडच ते, म्हणून त्याचे नावही ‘केऑस मंकी’ असे ठेवले. अभियंते जागेवर असताना लहान बिघाड रोज घडले, तर रात्री-अपरात्री येणाऱ्या मोठ्या बिघाडाची तयारी आपोआप होते, असा त्यामागील विचार. २०१२ मध्ये कंपनीने हा प्रोग्राम सर्वांसाठी खुला केला.

फेसबुकमध्येही अशा तालमी होत असत. एखादी सेवा, एखादे डेटा सेंटर किंवा एक संपूर्ण विभाग बंद करून पाहिला जाई. २०२१ च्या त्या रात्री संपर्क पुन्हा जुळल्यावर सर्व सेवा एकदम सुरू केल्या असत्या, तर विजेची मागणी आणि विनंत्यांचा लोंढा एकदम वाढून पुन्हा गोंधळ झाला असता. तालमींच्या अनुभवामुळे हे काम टप्प्याटप्प्याने नीट पार पडले. तथापि सर्व डेटा सेंटरे जोडणारे नेटवर्कच नाहीसे झाले तर काय, ही तालीम कधी झाली नव्हती. परीक्षेत न विचारलेला प्रश्नच नेमका प्रसंगी उभा राहिला.

वेगाइतकीच उत्तराच्या खरेपणाचीही परीक्षा घ्यावी लागते. काइल किंग्सबरी हे संशोधक २०१३ पासून ‘जेप्सेन’ या नावाने निरनिराळ्या माहितीसाठ्यांची अशी परीक्षा घेत आले आहेत. सर्व्हरांमधील संपर्क मुद्दाम तोडावयाचा, त्या अवस्थेत नोंदी करीत राहावयाचे, आणि संपर्क जुळल्यावर ‘नोंद झाली’ असे सांगितलेली प्रत्येक नोंद खरोखर सापडते की नाही, हे ताडून पाहावयाचे, अशी ही पद्धत. तिच्यातून नावाजलेल्या माहितीसाठ्यांतही दिलेले वचन आणि प्रत्यक्ष वर्तन यांत तफावत आढळून आली आहे.

७. शाळेत करता येण्याजोगे

हा विषय केवळ अभियंत्यांचा नाही. वापरणाऱ्याने नेमकी माहिती दिली नाही, तर यंत्रणा चालविणाऱ्यास दोष सापडत नाही. ‘पोर्टल बंद आहे’ या तक्रारीवरून काहीच बोध होत नाही. त्याऐवजी पुढील गोष्टी लिहून कळवाव्यात : दिनांक आणि वेळ, कोणते पान उघडले होते, कोणते बटन दाबले, पडद्यावर कोणता संदेश आला, त्याचे शब्द जसेच्या तसे, त्याच वेळी दुसरे एखादे संकेतस्थळ उघडत होते काय, किती वेळा प्रयत्न केला, आणि अखेरीस नोंद झाली की नाही. यांपैकी दुसऱ्या संकेतस्थळाविषयीची नोंद फार उपयोगाची असते. कारण दोष गावातील नेटवर्कचा की पलीकडच्या यंत्रणेचा, हे तिच्यावरून बरेचसे उमगते.

शक्य असेल तेथे सलग २० प्रयत्नांची एक छोटी नोंदवही ठेवावी. प्रत्येक प्रयत्नास लागलेले सेकंद लिहून ते चढत्या क्रमाने मांडावे, आणि दहावा व एकोणिसावा आकडा पाहावा. अपयशी प्रयत्न वेगळे मोजावे. ते गाळून काढलेला वेग खरा नसतो. उत्तर न आल्यास ताबडतोब पुन्हा पाठविण्यापूर्वी आधीची नोंद झाली आहे काय, हे यादी उघडून पाहावे. आणि काम पुरे झाल्यावर शाळेच्या हजेरीपटाशी ती यादी नावानिशी ताडून पाहावी.

वरच्या वर्गांना याच विषयातून अपूर्णांकांचा आणि संभाव्यतेचा एक पाठ घेता येईल. पाच मुलांची एक रांग करावी आणि चिठ्ठी हातोहात पुढे द्यावयास सांगावी. प्रत्येकाने चिठ्ठी देण्यापूर्वी फासा टाकावा. १ पडल्यास चिठ्ठी हरवली असे समजावे. मुलांना आधी अंदाज विचारावा. पुष्कळजण ‘बहुतेक पोहोचेल’ असे म्हणतील. पण पाच-षष्ठांशाचा पाच वेळा गुणाकार केला असता शंभरात सुमारे ४० चिठ्ठ्याच पोहोचतात. मग तीच चिठ्ठी दोन रांगांतून पाठवावी. दोहोंपैकी एक तरी पोहोचण्याचे प्रमाण शंभरात सुमारे ६४ वर जाते. शेवटी दोन्ही रांगांतील तिसऱ्या जागेवर एकच मूल उभे करावे, त्याने एकदाच फासा टाकावा, आणि काय फरक पडतो ते मुलांनीच शोधून काढावे. सामाईक आधाराचा धोका त्यांना न सांगताही कळेल.

सारांश, अनेक यंत्रांच्या प्रणालीची पारख करताना पाच प्रश्न विचारावेत. सरासरी नव्हे, तर सर्वांत मागे राहिलेल्यांना किती वेळ लागतो? गर्दीच्या दिवशी काय होते? एक भाग बिघडल्यावर बाकीचे काम चालते काय? सर्वांना मिळून एकच आधार तर नाही ना? आणि पोच न आल्यास सत्य स्थिती कळण्याचा मार्ग आहे काय? वर्गाची प्रगती सरासरी गुणांवरून ठरवू नये, मागच्या बाकावरच्या मुलाला किती समजले यावरून ती ठरवावी, हे शिक्षकाला सांगावे लागत नाही. हीच कसोटी त्याने या यंत्रणांना लावावी, आणि ज्या मुलांची नावे तो त्यांत लिहितो, त्या प्रत्येक मुलाचे नाव एकदाच आणि अचूक लिहिले गेले आहे, याची खात्री करून घ्यावी.